तोडता येईल तीच जोडणी सुरक्षित

३१ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील ‘सिसा’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या केंद्रीय नागरी खात्यांना आदेश दिला की, इव्हान्टी कंपनीची व्हीपीएन उपकरणे (बाहेरच्या माणसाला इंटरनेटवरून संस्थेच्या नेटवर्कमध्ये येऊ देणारी) २ फेब्रुवारीचा दिवस संपण्याच्या आत आपापल्या नेटवर्कपासून तोडावीत. हाताशी जेमतेम दोन दिवस होते. बाहेरून येणाऱ्याची ओळख पटवून मगच त्याला आत सोडावे, यासाठी बसवलेली ही उपकरणे. त्यांच्याच सॉफ्टवेअरमधील दोषांतून घुसखोर आत शिरत होते आणि आधी सुचवलेले तात्पुरते उपाय पुरे पडत नव्हते. तो आदेश वाचताना मला त्या कंपनीपेक्षा मी पाहिलेल्या संस्था आठवल्या. असाच आदेश, एवढीच मुदत देऊन, त्यांच्याकडे आला असता तर त्यांतल्या किती जणांना तो पाळता आला असता, या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो.

संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हर रूममधील यंत्रणा क्लाउडशी, म्हणजे मोठ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरशी, जोडून देण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करतो आहे. या कामाच्या बैठकांत विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात: लाइनचा वेग किती, एन्क्रिप्शन (वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून मजकूर सांकेतिक करणे) कोणते, एक मार्ग बंद पडला तर दुसरा आपोआप सुरू होईल का, महिन्याचा खर्च किती. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण ही जोडणी उद्या अचानक तोडावी लागली तर ती कोण तोडेल, किती वेळात तोडेल आणि तोडल्यावर दोन्ही बाजूंना काय काय चालू राहील, हे विचारलेले मी फार क्वचित ऐकले आहे. माझे म्हणणे असे की, लोकांच्या नोंदी, उपचार, पाणी, वीज किंवा पैसा ज्यांच्या हाती आहे त्या संस्थांसाठी सुरक्षिततेची पहिली कसोटी हीच असायला हवी. जी जोडणी ठरवून, थोड्या वेळात आणि सगळे कामकाज ठप्प न होता तोडता येत नाही, तिचे एन्क्रिप्शन कितीही भक्कम असले तरी तिला सुरक्षित म्हणता येणार नाही; आणि ही कसोटी तंत्रज्ञांच्या खोलीतून बाहेर येऊन निविदेत, लेखापरीक्षणात आणि सार्वजनिक चर्चेत शिरली पाहिजे.

क्लाउडकडे जाऊच नये, असा अर्थ यातून कोणी काढू नये. ज्या संस्थेत दोन माणसे सगळे सर्व्हर सांभाळतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या चार-चार महिने केल्या जात नाहीत, तिच्या नोंदी मोठ्या क्लाउड कंपनीकडे बहुधा अधिक सुरक्षित राहतील, हे मी कोणाशीही वाद न घालता मान्य करीन. पण सगळेच तिकडे जात नाही. प्रयोगशाळेतले एखादे उपकरण त्याच इमारतीतल्या संगणकाशी बोलते. कारखान्यातील नियंत्रण यंत्रणेला काही मिलिसेकंदांत उत्तर लागते. एखादा जुना डेटाबेस असा असतो की त्याच्याभोवतीच सगळे कामकाज उभे राहिलेले असते आणि त्याला हात लावायला कोणी धजत नाही. म्हणून अर्धे इथे आणि अर्धे तिथे ही अवस्था स्थलांतराच्या काळापुरतीच आहे, हे गृहीतच चुकीचे ठरते. स्थलांतर झाले की काढून टाकू, या बोलीवर उभ्या राहिलेल्या जोडण्या वर्षानुवर्षे चालताना मी पाहिल्या आहेत, आणि तात्पुरत्या समजल्या गेल्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे लक्षही गेलेले नसते.

माहिती ज्या रस्त्याने इथून तिथे जाते त्याबद्दल आधी थोडे सांगायला हवे, कारण सुरक्षिततेची बहुतेक चर्चा रस्त्यावरच संपते. हा रस्ता साधारण दोन प्रकारे बांधतात. पहिल्या प्रकारात संस्थेचा फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरची चौकी) आणि क्लाउडमधील गेटवे (तिकडचे प्रवेशद्वार) यांच्यात इंटरनेटवरूनच आयपीसेकचा टनेल, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला बंदिस्त मार्ग, टाकतात. आयपीसेकची पहिली मानके १९९५ सालची आहेत, तंत्र पुष्कळ कसाला लागलेले आहे, आणि ते नीट मांडले तर वाटेत बसलेल्या माणसाला मजकूर वाचता येत नाही. त्याची दुखरी जागा बहुधा दोन्ही टोकांना भरलेली सामाईक किल्ली ही असते: टनेल उभारण्याच्या दिवशी ती ईमेलने पाठवलेली असते, ते ईमेल चार-पाच जणांच्या मेलबॉक्समध्ये तसेच पडून असते आणि किल्ली पुढे कधीच बदललेली नसते. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅमेझॉनचे डायरेक्ट कनेक्ट किंवा मायक्रोसॉफ्टचे एक्सप्रेसरूट यांसारखी स्वतंत्र लाइन घेतात. ही लाइन इंटरनेटवरून जात नाही, हे खरे. पण ती मुळात एन्क्रिप्ट केलेली नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यासाठी मॅकसेक (लाइनवरच एन्क्रिप्शन करणारे तंत्र) किंवा वरून आयपीसेक वेगळे लावावे लागते. ‘आपली लाइन खासगी आहे’ हे वाक्य बैठकीत ऐकले की मी आता प्रत्येक वेळी थांबून विचारतो, खासगी म्हणजे नेमके कोणापासून खासगी? ज्या नोंदी पन्नास वर्षे गोपनीय राहायला हव्यात, त्यांच्यासाठी तर आज टिपून ठेवलेला मजकूर उद्याच्या क्वांटम संगणकाने उलगडला जाण्याचा धोकाही धरावा लागतो, आणि त्या दृष्टीने अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी मानके जाहीर केली आहेत.

हे सगळे करायलाच हवे. तरीही पुढे मी ज्या घटनांचा उल्लेख करणार आहे, त्यांपैकी एकाही घटनेत टनेलचे एन्क्रिप्शन कोणी फोडलेले नव्हते.

मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन ही साडेपाच हजार मैलांची इंधनवाहिनी बंद ठेवावी लागली. घुसखोर शिरले होते ते वापरातून गेलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, ज्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती. कंपनीच्या प्रमुखांनीच हे सिनेटपुढे सांगितले. हल्ला कार्यालयीन संगणकांवर झाला होता. पाइपलाइन चालवणाऱ्या नियंत्रण यंत्रणेपर्यंत तो पसरू नये म्हणून कंपनीने पाइपलाइनच थांबवली. मला या घटनेत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे: कार्यालयाचे नेटवर्क आणि नियंत्रणाचे नेटवर्क यांच्यातील दुवा आपण निश्चित तोडला आहे आणि आता पलीकडे काही जाऊ शकत नाही, अशी खात्री त्या क्षणी असती, तर लाखो लोकांचे इंधन थांबवण्याचा निर्णय वेगळा होऊ शकला असता. खात्री नव्हती म्हणून सगळेच थांबवणे हा एकमेव शहाणपणाचा मार्ग उरला.

याच्या आधी, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या या विध्वंसक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक आडवे केले. कंपनीला नंतर दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. जगभर पसरलेले नेटवर्क एकमेकांपासून तोडायला त्या दिवशी दोन तासांहून अधिक वेळ लागला, असे त्या घटनेच्या सविस्तर वृत्तांतात आले आहे. नॉटपेट्याला एका संगणकावरून दुसऱ्यावर जायला मिनिटेच लागत होती. एवढ्या मोठ्या कंपनीत कुशल माणसांची वाण नव्हती. पण सगळे सगळ्यांशी जोडलेले होते आणि ते सोडवायचे कसे, याची तालीम झालेली नव्हती.

जोडणी इतकी सैल का होते, हे समजण्यासाठी फायरवॉलच्या नियमांची एक ओळ जवळून पाहावी. अशी ओळ मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती आता पाठ झाली आहे. कोणाकडून: क्लाउडमधील पत्त्यांचा संपूर्ण पट्टा. कोणाकडे: दहापासून सुरू होणारे सगळे अंतर्गत पत्ते. कोणत्या पोर्टवर (संगणकाच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर): कोणत्याही. शेरा: ‘तात्पुरते, टेस्टिंगसाठी’. तारीख तीन वर्षांपूर्वीची. ही ओळ लिहिणारा माणूस निष्काळजी नसतो. स्थलांतराच्या रात्री एक अ‍ॅप्लिकेशन चालत नव्हते, कोणता पोर्ट अडतो आहे हे सापडत नव्हते, सकाळी नऊला काउंटर उघडणार होते, म्हणून त्याने सगळे उघडले. अ‍ॅप्लिकेशन चालले, तो घरी गेला. पुढे ही ओळ काढण्याची हिंमत कोणालाच झाली नाही, कारण तिच्यावर आता काय काय अवलंबून आहे हे कोणालाच ठाऊक नाही. या एका ओळीमुळे क्लाउडमधील एखाद्या चाचणीच्या मशीनमध्ये शिरलेला माणूस संस्थेच्या मूळ डेटाबेसच्या दारापर्यंत पोहोचतो, आणि इमारतीतल्या एखाद्या कारकुनाच्या संगणकात शिरलेला माणूस क्लाउडमधील सर्व्हरपर्यंत. खरी गरज पाहायला बसले तर बहुधा दोन-तीन सर्व्हर आणि दोन-तीन पोर्ट एवढीच निघते. दोन नेटवर्क एकमेकांत मिसळून टाकण्याऐवजी तेवढीच एक सेवा पलीकडे दिसेल अशी सोय सगळ्या मोठ्या क्लाउडमध्ये आहे. ती लावायला जास्त दिवस लागतात, कारण आधी आपले कोणते काम कोणाशी बोलते हे शोधून काढावे लागते. माझ्या मते जोडणीच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हा शोधच आहे, आणि वेळापत्रकात नेमका त्यालाच वेळ दिलेला नसतो.

आता ज्याला मी या प्रश्नाचा गाभा मानतो त्याकडे येतो. नेटवर्कची जोडणी डोळ्यांना दिसते. तिचा नकाशा काढता येतो, केबलवर बोट ठेवता येते. तिच्या जोडीला दुसरी एक जोडणी असते, ती ओळखीची. कर्मचाऱ्याने एकाच पासवर्डने इमारतीतल्या संगणकावरही काम करावे आणि क्लाउडमध्येही, यासाठी संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये एक लहानसा सर्व्हर बसवलेला असतो, जो दर काही मिनिटांनी इथली खाती तिकडे कळवत राहतो. तो दिसायला साधा असतो, फारसा तापत नाही, कोणाची तक्रार नसते. पण त्याच्यापाशी असलेल्या खात्याचे अधिकार दोन्हीकडे चालतात. एप्रिल २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका हल्ल्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात हल्लेखोर संस्थेच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये शिरले, त्यांनी तिथे पाय रोवले, मग अशाच समन्वय करणाऱ्या खात्याच्या आधारे क्लाउडमध्ये गेले आणि तिथली आभासी मशीन, स्टोरेज आणि नेटवर्क पुसून टाकले. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने दुसऱ्या एका टोळीबद्दल इशारा दिला, तीही इमारतीतून क्लाउडमध्ये जाण्यासाठी हाच दुवा वापरत होती.

याहून गंभीर प्रकार २०२० च्या अखेरीस उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात, म्हणजे त्या नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमार्फत तिच्या ग्राहकांवर झालेल्या हल्ल्यात, दिसला. तिथे काही संस्थांमध्ये हल्लेखोरांनी कोणाचा पासवर्ड वापरायची गरजच ठेवली नाही. ‘हा माणूस आमचा आहे’ असे क्लाउडला सांगणारे प्रमाणपत्र संस्थेच्या आवारातील ज्या सर्व्हरवर सही होऊन निघते, त्या सर्व्हरची सही करण्याची किल्लीच त्यांनी उचलली. मग ते स्वतःच हव्या त्या माणसाच्या नावाने प्रमाणपत्र बनवून क्लाउडला दाखवत होते, आणि सही खरी असल्यामुळे क्लाउड ते मानत होते. या पद्धतीचे वर्णन सुरक्षा संशोधकांनी २०१७ मध्येच प्रसिद्ध केले होते.

आता समजा, अशा वेळी कोणी धावत जाऊन टनेल बंद केला. त्याने काय तुटले? खोटे प्रमाणपत्र घेऊन हल्लेखोर जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, साध्या इंटरनेटवरून, क्लाउडच्या दारात उभा राहू शकतो. संस्थेच्या टनेलची त्याला गरजच नाही. आधी दिलेली टोकन, म्हणजे एकदा ओळख पटल्यावर मिळालेले तात्पुरते परवाने, त्यांची मुदत संपेपर्यंत चालतात. कोणा प्रोग्रामरने स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेली कायमची किल्ली तर कोणी रद्द करेपर्यंत चालतच राहते. म्हणून जोडणी तोडणे म्हणजे तीन गोष्टी एकत्र तोडणे आहे: माहितीची पॅकेट जाण्याचा रस्ता, एकीकडच्या ओळखीवर दुसरीकडे ठेवलेला विश्वास, आणि ठिकठिकाणी ठेवलेल्या किल्ल्या. तीनपैकी पहिली गोष्ट मिनिटात होते. दुसरी करायची तर क्लाउडचे मुख्य प्रशासक इमारतीतल्या खात्यांपासून पूर्ण वेगळे, फक्त क्लाउडमध्येच जन्मलेले असावे लागतात. नाहीतर विश्वास तोडणारा माणूसच बाहेर अडकतो. मायक्रोसॉफ्ट स्वतः हाच सल्ला देते, आणि तरीही एकच माणूस, एकच खाते, दोन्हीकडे सर्वाधिकारी, अशी मांडणी मला वारंवार भेटते, कारण ती सोयीची आहे. तिसऱ्या गोष्टीसाठी कायमच्या किल्ल्यांऐवजी तासाभरात आपोआप मुदत संपणाऱ्या किल्ल्या वापरण्याची सोय आता सगळीकडे उपलब्ध आहे. ती वापरली तर किल्ल्या शोधत बसावे लागत नाही, त्या आपणच मरतात.

हे सगळे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. लोकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका संस्थेत आम्ही एका शनिवारी रात्री जोडणी ठरवून तोडली. चार तास तोडायची, काय होते ते लिहून ठेवायचे, मग जोडायची, एवढाच बेत होता. अकरा वाजता मी फायरवॉलवर दोन्ही टनेल बंद केले. क्लाउडमधील अ‍ॅप्लिकेशन दिसेनाशी झाली, ते अपेक्षितच होते. पण दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरून फोन आला, “सर, इथले अ‍ॅप्लिकेशनही उघडत नाहीये.” ते अ‍ॅप्लिकेशन इमारतीतल्याच सर्व्हरवर होते, त्याचा डेटाबेसही तिथेच होता. शोधल्यावर कळले की नावांवरून पत्ते सांगणारी इमारतीतली यंत्रणा, म्हणजे डीएनएस, मध्ये कधीतरी क्लाउडमधल्या सर्व्हरला विचारू लागली होती. टनेल गेल्याबरोबर शेजारच्या खोलीतला सर्व्हरही नावाने सापडेना. पूर्ववत करण्याच्या पायऱ्या लिहिलेली फाइल उघडायला गेलो, तर ती क्लाउडमध्ये. तिथे पोहोचायचे तर लॉगिन हवे, आणि लॉगिनची पडताळणी होत होती इमारतीतल्या सर्व्हरवर, ज्याच्याशी क्लाउडचे बोलणे आम्हीच बंद केले होते.

त्याहून मोठी गोष्ट पहाटे दोनच्या सुमारास सापडली. टनेल तीन तासांपासून बंद होता आणि तरी क्लाउडमधील एका स्टोरेजमध्ये दर पाच मिनिटांनी नव्या फाइली येत होत्या, त्याही इमारतीतूनच. देखरेखीसाठी एका कंत्राटदाराने पूर्वी बसवलेले एक सॉफ्टवेअर साध्या इंटरनेट लाइनवरून, वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या ४४३ पोर्टने, आपले आपण बाहेर बोलत होते. बाहेरून आत येणारा एकही दरवाजा त्याला लागत नव्हता, म्हणून फायरवॉलच्या तपासणीत ते कधी अडले नव्हते. आतून बाहेर उघडणारी जोडणी तुलनेने सुरक्षित, असे आम्ही लोक सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण ती ज्याच्याशी बोलते त्याच्याकडून आज्ञाही घेते, हे विसरून चालत नाही. त्या रात्री आम्ही आमच्या कागदावर असलेली जोडणी तोडली होती. कागदावर नसलेली चालूच होती, आणि ती आहे हे तोडल्याशिवाय कधी कळले नसते.

या मुद्द्यावर मला नेहमी एक आक्षेप ऐकावा लागतो, आणि तो हलका नाही. लोकसेवा कधीही थांबता कामा नये. त्यासाठीच तर दोन टनेल, दोन लाइन, दोन राउटर यांवर खर्च करायचा. मग तुम्ही मुद्दाम तोडण्याच्या गोष्टी काय करता? माझे उत्तर असे की, दुसरी लाइन अपघातावरचा उपाय आहे, शत्रूवरचा नाही. खोदकामात केबल तुटली तर दुसरी लाइन कामाला येते. घुसखोर आत असेल तर दुसरी लाइन त्याच्याही कामाला येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या, औषध दुकाने, दवाखाने आणि विमा कंपन्या यांच्यामधील देवघेव सांभाळणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा हल्ला आणखी पसरू नये म्हणून मूळ कंपनीने तिच्या डेटा सेंटरशी असलेली जोडणी ताबडतोब तोडली. तो निर्णय बरोबरच होता. परंतु तोडल्यानंतर काय चालेल याची पर्यायी व्यवस्था अपुरी असल्यामुळे औषधांचे दावे आणि दवाखान्यांची देयके कित्येक आठवडे अडली. सुमारे १९ कोटी लोकांची माहितीही या हल्ल्याच्या तावडीत सापडली. शिरकाव झाला होता तो दूरस्थ प्रवेशाच्या एका पोर्टलमधून, जिथे दुसरी पडताळणी लावलेली नव्हती. म्हणजे मूळ कारण किरकोळ होते, तोडण्याचा निर्णय योग्य होता, आणि तरीही लोकांना सोसावे लागले ते तोडल्यानंतरच्या पोकळीमुळे.

दुसरा आक्षेप असा असतो की लहान संस्थांकडे एवढी माणसे नाहीत, त्यांनी सगळे क्लाउड कंपनीवर सोपवावे. यातला अर्धा भाग मला मान्य आहे, हे मी वर सांगितले. उरलेला अर्धा मान्य करता येत नाही, कारण क्लाउड कंपनी आपल्या बाजूची भिंत सांभाळते. आपण तिला कोणत्या खात्यावर विश्वास ठेवायला सांगितले, याची जबाबदारी ती घेत नाही आणि करारातही तसे लिहिलेले असते. शिवाय तिचीही भिंत पडू शकते. २०२३ मध्ये हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टची सही करण्याची एक किल्ली मिळवून अमेरिकी परराष्ट्र खात्यासह अनेक संस्थांचे ईमेल वाचले. पुढच्या वर्षी सरकारी चौकशी मंडळाने तो प्रकार टाळता येण्याजोगा होता असा निष्कर्ष काढला. तो उघडकीस आला, कारण परराष्ट्र खाते जादा पैसे देऊन मिळणारे सविस्तर लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय उघडले याच्या नोंदी, घेत होते आणि ते कोणीतरी खरोखर पाहत होते. ज्यांनी ते लॉग घेतले नव्हते, त्यांना पाहण्यासारखे काही नव्हतेच.

‘झीरो ट्रस्ट’ घेतले की हे सारे सुटते, असेही सांगितले जाते. निस्टने ऑगस्ट २०२० मध्ये शब्दबद्ध केलेली त्यामागची कल्पना मला पूर्ण पटते: अमुक नेटवर्कच्या आत आहे एवढ्यावरून कोणावर विश्वास ठेवू नये, प्रत्येक विनंती स्वतंत्र तपासावी. पण ती विचारपद्धती आहे. तिचे नाव लावून विकत आणलेली पेटी जुन्या टनेलच्या शेजारी बसवली आणि ‘तात्पुरते’ असा शेरा असलेली ओळ तशीच राहिली, तर काहीच बदललेले नसते.

बॅकअपबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्यात एक जण शिरला आणि त्याने मूळ माहिती व बहुतेक बॅकअप दोन्ही पुसले, कारण दोन्ही एकाच खात्याच्या अधिकाराखाली होते. कंपनीला कामकाज बंद करावे लागले. जोडणी तोडल्यावर ज्या प्रतीवर उभे राहायचे, ती प्रत जोडणीच्या कोणत्याही टोकाच्या प्रशासकाला पुसता येता कामा नये.

आता ही बाब सार्वजनिक का, हे स्पष्ट केले पाहिजे. खासगी दुकानाने आपली जोडणी सैल ठेवली तर नुकसान बरेचसे त्याचे. पण ज्या संस्थेकडे जाण्यावाचून लोकांना पर्याय नाही, तिने आपली यंत्रणा कोणाशी, कशी जोडली आहे याचा धोका लोक सोसतात आणि निर्णय मात्र त्यांच्या नकळत होतो. म्हणून अशा संस्थांच्या निविदेत वेगाच्या आकड्याशेजारी तोडण्याच्या वेळेचा आकडा असावा, असे मला वाटते. उभारणीचे अंतिम बिल देण्याआधी कंत्राटदाराने जोडणी तोडून, इमारतीतले कामकाज चालू ठेवून, पुन्हा जोडून दाखवावी. वर्षातून एकदा तरी ती ठरवून तोडली जावी आणि तालीम कोणत्या दिवशी झाली, तोडायला किती वेळ लागला, कोणत्या सेवा थांबल्या, हे लेखापरीक्षणाच्या अहवालात छापले जावे. यामुळे हल्लेखोराला मदत होईल, ही भीती मी समजू शकतो; पण नकाशा, पत्ते, उपकरणांची नावे यांतले काहीच छापायचे नाही. इमारतीत आग लागल्यावर बाहेर पडण्याची तालीम झाली की नाही, हे जाहीर केल्याने आग लावणाऱ्याला काही मिळत नाही.

आणि तोडण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले असावे. त्या शनिवारच्या तालमीत सर्वाधिक वेळ तांत्रिक कामात गेलाच नव्हता. ठरलेल्या तालमीसाठीही ‘आता बंद करू का’ याची परवानगी मिळवायला आम्हाला पाऊण तास फोन करावे लागले. एकाने दुसऱ्याला विचारायला सांगितले, दुसऱ्याने लेखी मागितले. खरा हल्ला असता तर तो पाऊण तास हल्लेखोराला मिळाला असता. म्हणून नंतर आम्ही एक पानी कागद केला: रात्रपाळीला असलेल्या तंत्रज्ञाने अमुक तीन लक्षणे दिसताच कोणालाही न विचारता जोडणी तोडावी, आणि तसे केल्याबद्दल, इशारा खोटा निघाला तरी, त्याला जाब विचारला जाणार नाही. संस्थेच्या प्रमुखांची त्यावर सही हवी होती. ती तीन आठवडे होईना. एका कनिष्ठ माणसाच्या हाती सगळी सेवा थांबवण्याचा अधिकार द्यायचा, हे त्यांना जड जात होते, आणि त्यांचे जड जाणे मला चुकीचे वाटले नाही.

शेवटी त्यांनी मला बोलावून एकच गोष्ट विचारली, “तुम्ही तोडाल, ते ठीक आहे. पण सकाळी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला आम्ही काय सांगायचे?” आमच्या कागदात त्याचे उत्तर नव्हते. मग काउंटरवरच्या दोन कर्मचाऱ्यांना सोबत बसवून आम्ही दुसरा कागद लिहिला: जोडणी बंद असताना कोणते अर्ज हाताने स्वीकारायचे, पावती कोणत्या वहीत फाडायची, कोणत्या कामाला नाही म्हणायचे आणि त्या माणसाला पुन्हा कधी बोलवायचे. दोन्ही कागदांवर एकाच दिवशी सही झाली. पहिला सर्व्हर रूमच्या दाराला आतून लावला आहे, दुसरा काउंटरच्या खणात आहे.